वडिलांच्या चार तक्रारी : चार तज्ज्ञ गाठावेत की आधी एक फिजिशियन?

माणदेशी

वडील ५६ वर्षांचे, गावी असतात. थोडी शेती आणि किराणा दुकान. माळकरी असल्याने अंडी-मांस काही नाही, तंबाखू मात्र सुटलेली नाही. गेल्या आठवड्यात गावातल्या शिबिरात बीपी १५८/९६ निघालं आणि घरात एकदम धांदल उडाली. तक्रारी अशा :

– रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात. सहा-आठ महिने झाले.
– अॅसिडिटी. सकाळी पॅन्टोप्राझोल ४० ची गोळी बरीच वर्षं चालू आहे. चिठ्ठी कुणाची नाही, मेडिकलमधून थेट आणतात.
– गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅकची गोळी, आठवड्यातले चार-पाच दिवस.
– थकवा. दुपारनंतर काही सुधरत नाही म्हणतात.

काका म्हणतात थेट हृदयाच्या डॉक्टरकडे न्या. मेव्हणे म्हणतात पायांसाठी न्यूरोवाला, पोटासाठी गॅस्ट्रोवाला, गुडघ्यांसाठी हाडांचा. गावातले बीएएमएस डॉक्टर म्हणतात, "आधी एकदा फिजिशियनला दाखवा." हा फिजिशियन नक्की काय करतो? जाताना काय न्यायचं? आणि सगळ्या तपासण्या आधीच करून नेल्या तर एक खेप वाचेल का? ऐंशी चाचण्यांचं एक पॅकेज स्वस्तात मिळतंय.

---

स्टेथो

गावातल्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय.

एमबीबीएस झाल्यावर जनरल मेडिसिनमध्ये तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी केलेला तो फिजिशियन. ऑपरेशन करत नाही. बीपी, शुगर, थायरॉईड, न उतरणारा ताप, दमा, रक्तक्षय असे मोठ्या माणसांचे औषधांनी सांभाळायचे आजार हा त्याचा प्रांत. पाटीवर नुसतं 'एमडी' दिसलं तर पुढचा शब्द वाचा. एमडी पॅथॉलॉजीतही असतं, भूलशास्त्रातही असतं, आयुर्वेदातही असतं. तुम्हाला 'मेडिसिन' हवंय. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो, तोही बघावा.

आता तुमची यादी. तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात, पण त्या चार आजारांच्या असतील असं मी धरून चालणार नाही. डायक्लोफेनॅक शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, त्याने बीपी वर जातं. तीच गोळी जठराचं अस्तर खाते, मग जळजळ. अस्तरातून थेंब थेंब रक्त झिरपत राहिलं की लोह घटतं आणि थकवा येतो. जळजळीवर पॅन्टोप्राझोल सुरू झालं. जठरातलं आम्ल वर्षानुवर्षं कमी राहिलं तर अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. त्यात माळकरी माणूस, म्हणजे बी-१२ काय ते दूध-दही-ताकातून येईल तेवढंच. बी-१२ घसरलं की तळपायांची आग आणि मुंग्या. सगळा धागा गुडघ्यापासून निघालेला असू शकतो.

असू शकतो एवढंच. तळपायांच्या आगीचं आपल्याकडचं मोठं कारण शुगर आहे. त्याशिवाय थायरॉईड, किडनी, दारू. फिजिशियनचं काम हेच, की सगळं एका कागदावर मांडायचं, कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीतून निघाली ते शोधायचं आणि कोणती शक्यता आधी खोडायची ते ठरवायचं. चार दारं फिरलात की प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो आणि तरी माणूस बिघडतो. हाडांचे डॉक्टर दुखण्याची आणखी एक गोळी लिहितात, हृदयाचे डॉक्टर बीपीची लिहितात. दुखण्याची चालू राहिल्याने बीपी उतरत नाही, मग बीपीच्या गोळीचा डोस वाढतो किंवा लघवी वाढवणारी गोळी जोडली जाते. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि डायक्लोफेनॅक ही तिन्ही एकत्र आली की किडनीवर ताण येतो, आणि उन्हाळ्यात जुलाब लागले तर क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) बघता बघता चढतं.

पहिल्या भेटीत काय व्हायला हवं, म्हणजे नीट बघितलं की नाही ते तुम्हालाही कळेल : वजन आणि कमरेचा घेर (आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमीच्या आत, बायकांना ८० च्या आत). बीपी दोन्ही हातांत, आणि एकदा उभं करून. पापणीच्या आत, जिभेवर आणि नखांत फिकेपणा. गळ्यात थायरॉईड. छाती, पोट, घोट्याची सूज. आणि मोजे काढून पाय. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून कळतो का, १२८ हर्ट्झचा कंपनकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवल्यावर थरथर जाणवते का, पावलावरची नाडी लागते का. पायांची आग घेऊन आलेल्या माणसाचे मोजे कुणी काढायला सांगितले नाहीत, तर ती तपासणी झालीच नाही असं समजा.

बीपीबद्दल : शिबिरातला एक आकडा म्हणजे निदान नव्हे. रांगेत उभं राहून, चहा-तंबाखू झाल्यावर, शर्टाच्या बाहीवर पट्टा बांधून घेतलेला आकडा तर सोडूनच द्या. घरी दंडाचं डिजिटल मशीन आणा, मनगटाचं नको. तंबाखू, चहा, कष्ट यानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सोडून पाच मिनिटं गप्प बसा. मांडी घालून नाही, पायावर पाय टाकून नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीवर, उघड्या दंडावर. पट्टा दंडाला तोकडा पडला तर आकडा खोटा जास्त येतो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ किंवा त्याच्या वर सातत्याने आलं तर बीपी आहे. १८०/११० च्या वर गेलं तर सात दिवस मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. सोबत डोकं फुटल्यासारखं दुखणं, छातीत दुखणं, बोबडी वळणं, दिसेनासं होणं यातलं काही असेल तर थेट तातडीच्या विभागात.

---

परीक्षानळी

पॅकेजबद्दल : घेऊ नका. कारण पैशाचं नाही, आकड्यांचं आहे. रिपोर्टवर 'नॉर्मल' म्हणून छापलेली कक्षा साधारणपणे अशी ठरवलेली असते की धडधाकट लोकांपैकी ९५ टक्के तिच्यात बसतील. उरलेले पाच टक्के धडधाकट असूनही बाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एका निरोगी माणसावर केल्या, तर निदान एक तरी आकडा ठळक अक्षरात येण्याची शक्यता ६४ टक्के. ऐंशी चाचण्यांत तर काही ना काही निघणारच. मग त्या आकड्याचा माग काढण्यात महिना जातो आणि पायांची आग तशीच.

वर जे चित्र मांडलंय त्यावरून फिजिशियन बहुधा एवढंच मागतील : सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, एचबीए१सी (शुगरची तीन महिन्यांची सरासरी), क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, टीएसएच (थायरॉईडसाठी), बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा), लिपिड (रक्तातली चरबी), लघवीची साधी तपासणी आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, ईसीजी. पण मागू द्या त्यांना. तपासून झाल्यावर यातलं काही गळेल, काही वाढेल. अगदी एक खेप वाचवायचीच असेल तर दवाखान्यात आधी फोन करून विचारा, बरेच जण सीबीसी, शुगर, क्रिएटिनिन आणून ठेवा म्हणतात.

चुका कुठे होतात ते सांगतो.

उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास. पाणी चालतं, चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, आणि जेवण नेहमीचं. रिपोर्ट चांगला यावा म्हणून अर्धी भाकरी खाऊन येणारे खूप असतात, फसवणूक स्वतःचीच. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त म्हणजे डायबेटिस. १०० ते १२५, किंवा ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या चाचणीने खात्री करतात.

एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी हे सगळ्यांना माहीत असतं. हे कमी जणांना माहीत असतं, की लोह किंवा बी-१२ कमी असेल तर ती खोटी जास्त येऊ शकते. म्हणजे तुमच्या वडिलांच्या बाबतीत सीबीसी हातात नसताना एकटं एचबीए१सी वाचणं धोक्याचं.

बी-१२ चं रक्त इंजेक्शन किंवा गोळी सुरू करण्याआधी द्यायचं. नंतर दिलं तर आकडा वर दिसतो आणि मूळ कमतरता होती की नाही ते कायमचं गुलदस्त्यात राहतं. २०० च्या खाली स्पष्ट कमी. २०० ते ३०० मध्ये लक्षणं असतील तर होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) बघतात. आणखी एक खाचखळगा : बी-१२ कमी असेल तर तांबड्या पेशी मोठ्या होतात, लोह कमी असेल तर लहान. दोन्ही कमी असतील तर सीबीसीत पेशींचा सरासरी आकार अगदी नॉर्मल दिसू शकतो. तो बघून "रक्त ठीक आहे" म्हणणारे भेटतात.

केसांच्या-नखांच्या गोळ्या किंवा जास्त डोसचं मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर त्यातलं बायोटिन थायरॉईडचा रिपोर्ट बिघडवतं. दोन-तीन दिवस आधी बंद करा, आणि घेत होतो हे लॅबमध्ये सांगा.

---

काउंटरच्या आतून

औषधांची नावं तोंडी सांगू नका, पिशवीच न्या. चालू, अर्धवट टाकलेली, शेजाऱ्याने दिलेली, 'गुडघ्याची देशी पुडी' सगळं. त्या पुडीबद्दल विशेष : चार दिवसांत चालायला लावणाऱ्या पुड्यांत स्टेरॉईड सापडलेलं आहे. त्याने शुगर चढते, बीपी चढतं, आणि एकदम बंद केली तर माणूस गळून पडतो. पुडी चालू असेल तर फिजिशियनना आधी सांगायचं, घरच्या घरी तोडायची नाही.

पिशवी न्यायचं दुसरं कारण म्हणजे दुहेरी डोस. एकाच औषधाची दहा कंपन्यांची दहा नावं. सर्दीच्या गोळीत पॅरासिटॅमॉल, गुडघ्याच्या गोळीत पॅरासिटॅमॉल, वर तापाची ६५०. तिन्ही मिळून दिवसाची चार ग्रॅमची मर्यादा कधी ओलांडली कळत नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरातलं नाव वाचू नका, त्याखालचं बारीक वाचा.

पॅन्टोप्राझोल बहुतेक लोक नाश्त्यानंतर घेतात आणि मग "काही फरक नाही" म्हणून दुसरी मागतात. ती नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. पण वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने घेण्याची ती गोळीच नाही. एकदम बंद केली की काही दिवस आम्ल उसळून येतं, लोकांना वाटतं आजार परत आला. कमी कशी करायची ते डॉक्टरच सांगतील.

बीपीची गोळी सुरू झाली तर : अॅम्लोडिपिनने घोट्याला सूज येऊ शकते, ती किडनीची नव्हे, आणि त्यासाठी लघवीची गोळी मागायची नसते. रॅमिप्रिलने कोरडा खोकला येऊ शकतो, त्यावर कफ सिरप पिऊन उपयोग नाही, गोळी बदलावी लागते. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर दोन-चार आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम पुन्हा बघतात. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी सोडणारे दर आठवड्याला दिसतात. नॉर्मल आलं ते गोळीमुळे.

---

कडुलिंब

हे सगळं ऐकायला छान आहे. तालुक्याच्या फिजिशियनकडे बाहेर साठ पेशंट बसलेले असतात, आत तीन मिनिटं मिळतात. कंपनकाटा वगैरे विसरा.

---

स्टेथो

@कडुलिंब, खरं आहे, खोटं कशाला बोलू. म्हणून ती तीन मिनिटं वाया जाऊ द्यायची नाहीत. एक कागद लिहून न्या, एका बाजूलाच : तक्रार, कधीपासून, कशाने वाढते, कशाने कमी होते. खाली घरच्या बीपीचे आकडे. खाली औषधं, डोस, किती दिवस. आई-वडील-भावंडांत कुणाला शुगर, हृदयविकार, लकवा. तंबाखू किती. शौचाचा रंग, वजन घटलंय का. हे विचारण्यातच डॉक्टरचा निम्मा वेळ जातो. तो वाचला की ते हात लावून तपासतात. सोमवारी आणि बाजाराच्या दिवशी जाऊ नका. आणि ३० च्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगरची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आधीचे आकडे तिथूनही मिळतात.

एक मात्र तिथे गेल्यावर मागू नका : थकव्यासाठी सलाईन. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणून ज्याला सांगायचं, त्याच्या शिरेतून तेवढं मीठ तासाभरात सोडायचं, हे कुठलं शहाणपण? ज्याला तोंडाने पिता येतं त्याला थकव्यासाठी बाटलीची गरज नाही.

---

माणदेशी

सगळ्यांचे आभार. कागद लिहायला बसलो, वडिलांना फोन लावून एकेक विचारलं. 'कशाने वाढते' विचारल्यावर अॅसिडिटीबद्दल म्हणाले, घरून दुकानाकडे चढ चढताना छातीच्या मधोमध जळजळतं, जरा टेकलं की चार-पाच मिनिटांत जातं. जेवून लगेच निघालं तर जास्त. बसून असताना कधी होत नाही. दोन महिने झाले. शौच अधूनमधून काळसर होते असंही म्हणाले. फिजिशियनची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळालीय. तोवर पॅन्टोप्राझोल दोनदा द्यावी का?

---

स्टेथो

नाही. पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. उद्या सकाळीच न्या, वेळ नसली तरी. "चढ चढताना छातीत जळजळ, थांबल्यावर जाते, आणि शौच काळी" एवढं वाक्य रिसेप्शनवर सांगितलंत तर आत घेतील.

चालल्यावर येणारी आणि थांबल्यावर जाणारी जळजळ ही अॅसिडिटी नसून हृदयाची, असं सिद्ध होईपर्यंत धरायचं. ५६ वय, तंबाखू, बीपी, कदाचित शुगर. जेवणानंतर जास्त होते म्हणून लोक पोटाचीच समजतात, पण जेवणानंतर हृदयावरचं कामही वाढलेलं असतं. आराम करताना काढलेला ईसीजी अशा माणसात साफ नॉर्मल येऊ शकतो. "ईसीजी नॉर्मल, गॅसेस आहेत" एवढ्यावर घरी येऊ नका. पुढे टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि गरजेप्रमाणे स्ट्रेस टेस्ट (चालवून काढलेला ईसीजी) किंवा अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा फोटो) लागेल, आणि तिथे हृदयाच्या डॉक्टरकडे जावंच लागेल. तुमच्या काकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

तरीही फिजिशियन मधे का हवा, तर काळ्या शौचामुळे. ती दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात रक्त झिरपल्याची खूण असू शकते. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, त्या चालू आहेत का विचारा.) हिमोग्लोबिन खूप उतरलं असेल तर आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांवर ताण येऊन अशी जळजळ वाढते. म्हणजे रक्त पातळ ठेवणारी अॅस्पिरिन हृदयासाठी हवी आणि पोटासाठी नको, असा पेच पडू शकतो. तो हिमोग्लोबिन हातात घेऊन, गरज पडल्यास दुर्बिणीने पोट बघून सोडवायचा असतो. चिठ्ठीवर नुसती अॅस्पिरिन लिहून मिळाली तर काळ्या शौचाचं डॉक्टरांना पुन्हा सांगा.

आज रात्रीपासून : डायक्लोफेनॅक बंद. ती पोटाला वाईट आहेच, हृदयविकाराच्या झटक्याचा धोकाही वाढवते. गुडघ्यांना लागलीच तर पॅरासिटॅमॉल ६५०, सहा तासांच्या अंतराने, दिवसात तीन. पॅन्टोप्राझोल आहे तशी सकाळी एक. चढ नको, ओझं नको, जेवून लगेच चालणं नको. दुकान दोन दिवस कुणीतरी दुसऱ्याने उघडावं.

बसल्या जागी छातीत दुखायला लागलं आणि १५ मिनिटांत गेलं नाही, किंवा घाम, उलटी, डाव्या हातात वा जबड्यात कळ, धाप यातलं काही सोबत आलं, तर १०८. आधी गावातल्या दवाखान्यात नेऊन मग पुढे, असं करू नका. ईसीजी आणि हृदयविकाराची सोय आहे तिथेच. काळी डांबरासारखी शौच झाली किंवा उभं राहिल्यावर भोवळ आली तरी तेच.

---

काउंटरच्या आतून

एक जोड. उद्या डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची, रक्तवाहिन्या सैल करणारी सॉर्बिट्रेट ५ ची गोळी दिली तर ती बसूनच घ्यायची, उभ्याने नाही. बीपी पडून माणूस कोसळतो. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल, म्हणजे ताकदीच्या नावाने विकतात त्या गोळ्या, घेतल्या असतील तर सॉर्बिट्रेट चालत नाही. पहिलीनंतर २४ तास, दुसरीनंतर ४८. मुलाला हे वडील सांगणार नाहीत, म्हणून डॉक्टरांना एकट्याने विचारू द्या. त्या वेळी तुम्ही केबिनबाहेर थांबा.

---

परीक्षानळी

आणि उद्याच रक्त द्यायचं तर उपाशी नेण्याच्या नादात उशीर करू नका. सीबीसी, क्रिएटिनिन, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक), रक्तगट कधीही चालतं. उपाशीपोटीची शुगर नंतर बघता येईल.